प्रतिसाद: किती टीबी मागायचे?

जीनोमच्या डेटासाठी संस्थेच्या संगणक केंद्राकडे साठवणुकीची जागा किती मागायची, या प्रश्नावर वर सल्ला आलाय की अर्जात सरळ '२० टीबी' (टेराबाइट; १ टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) लिहून मोकळं व्हायचं. असा अर्ज संगणक केंद्राकडून हमखास परत येतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. हिशेब दाखवा ना. मानवी जीनोम ३० पट कव्हरेजने (म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा) वाचला तर दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फास्टक्यू फाइलींनाच (यंत्रातून आलेले कच्चे तुकडे) ६०-१०० जीबी लागतात, बॅम फाइल (तेच तुकडे संदर्भ जीनोमवर जुळवलेले) साधारण तेवढीच. गुणिले नमुने, वर मधल्या टप्प्यांच्या फाइली (त्या कोणी पुसत नाही!). काम झाल्यावर बॅमची क्रॅम (तीच माहिती आणखी दाबून ठेवणारी फाइल) करणार, हेही लिहा. जागा निम्म्यावर येते.

'गूगल ड्राइव्ह आहे की' म्हणणाऱ्यांसाठी: शिक्षणसंस्थांची अमर्याद सोय २०२२ मध्येच संपली. आता मूळ वाटा अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी.

बॅकअप वेगळ्या यंत्रणेवर मागा. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठात बॅकअपच्याच स्क्रिप्टने सुपरकॉम्प्युटरवरचा सुमारे ७७ टीबी डेटा उडवला. १४ गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

आणि हो, फोल्डर गाइडच्या किंवा प्रकल्पाच्या नावावर घ्या. पीएचडी संपली की विद्यार्थ्याचं खातं बंद होतं, मग फाइली कोणाच्या यावर ईमेलबाजी सुरू.