आडाच्या पाण्याला वास येतोय, भाऊबंदांना कसं सांगू?

परड्यातला आड
नमस्कार. आमचं गाव बेळगाव तालुक्यात, उचगावच्या बाजूला. परड्यात आजेसासऱ्यांनी खोदलेला आड आहे. ३८ फूट खोल, आत सगळा जांभा. पंचायतीचा नळ दारात आला, तरी प्यायला आम्ही आडाचंच पाणी घ्यायचो. सासूबाई तर नळाच्या पाण्याचा चहासुद्धा ठेवू देत नाहीत. डाळ शिजत नाही म्हणतात त्यात.

गेल्या उन्हाळ्यात चुलत दिरांनी शेजारी घर बांधलं. त्यांच्या संडासाचा खड्डा आमच्या आडापासून २२ फुटांवर आहे, टेपने मोजलाय मी. बारा फूट खोल, सिमेंटच्या रिंगा, तळ मोकळा. मिस्त्री म्हणाला होता, जांभ्यात पाणी चटकन मुरतं, वीस वर्षं उपसायला नको. आषाढात पावसाने जोर धरला आणि चौथ्या दिवशी घागरीला वास यायला लागला. उग्र नव्हे, ओल्या पोत्यासारखा. आशाताईंनी तपासायच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळीकुट्ट, म्हणजे पाण्यात घाणीचे जंतू. मग पाणी तपासणीला पाठवलं. अहवाल कन्नडात आला, धाकट्याने वाचून दाखवला: नायट्रेट ६२, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४१०, ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) आहेत.

लेक बाळंतपणाला आलीय. बाळ सव्वा महिन्याचं. अंगावरचं पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंय. त्यासाठी मी आडाचं पाणी वीस मिनिटं खळखळून उकळते. तेवढं पुरे ना? आणि दिरांना काय सांगू? बांधावरून आधीच दोन वर्षं बोलणं बंद होतं. आता कुठे गणपतीला एकमेकांकडे जाणं-येणं सुरू झालंय.

मास्तर खानापूर
ताई, बाकीचं सगळं नंतर. बाळाच्या दुधाला ते पाणी आज, आत्ता बंद करा.

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वीस मिनिटं उकळलं की पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे आणखी दाट झालं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. तुमचं ६२. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद त्याने कमी होते. ओठ, नखं निळसर वाटली तर थांबू नका, दवाखाना गाठा. तसं काही दिसत नसलं तरी बाळाच्या डॉक्टरांना हा अहवाल दाखवाच. नळाचं पाणीही तपासून घ्या. ते पंचायतीच्या बोअरचं असेल तर त्यातही नायट्रेट असू शकतं. फिल्टर घ्यायचा झाला तर आरओ लागेल, नुसत्या यूव्हीने नायट्रेट हलत नाही.

आणखी एक विचारतो, रागावू नका. तुमचा गोठा आणि उकिरडा आडापासून किती लांब आहे?

बोअरवाला मामा
मी २२ वर्षं बोअरच्या गाडीवर काढली, निपाणीपासून खानापूरपर्यंत. शाळा कमी, पण जमिनीच्या आत काय आहे ते हातांनी बघितलंय. निपाणी-चिकोडीकडे काळा पत्थर, पाणी फटीफटीतून येतं. तुमच्या बाजूला जांभा. जांभा म्हणजे इडली, सगळीकडे भोकं. मिस्त्री म्हणाला पाणी चटकन मुरतं, ते खरंच आहे. मुरून जातं कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.

खड्डा खोदला चैत्र-वैशाखात. तेव्हा तुमच्या आडात पाणी किती खाली असेल? तीस फूट? खड्डा बारा फुटांचा, म्हणजे मध्ये अठरा फूट कोरडी जमीन. सगळ्यांना वाटलं, झकास. आता श्रावणात आडात वाकून बघा. पाणी आठ-दहा फुटांवर आलं असेल. म्हणजे खड्ड्याचं बूड पाण्यात बसलंय! मधे गाळायला माती उरलीच नाही. खड्डा आणि आड एकाच पाण्यात. आडातच आलं तर पोहऱ्यात येणारच की हो.

म्हणून आमच्या भागात खोल खड्डा कधी घेऊ नये. दोन उथळ खड्डे घ्यायचे, एक भरला की तो बंद करून दुसरा चालू. बूड पावसाळ्यातल्या पाण्याच्या निदान सहा-सात फूट वर पाहिजे. आणि पिण्याच्या पाण्यापासून ६० फूट लांब.

परड्यात जुनं बंद बोअर असेल तर तेही बघा. लोक त्यात न्हाणीचं पाणी सोडतात, ‘कुठंतरी मुरतंय’ म्हणून. ते मुरणं नव्हे, जमिनीला सलाईन लावून घाण चढवणं आहे. बंद बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय. तरी २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यात झुंजरवाडला लहान पोर उघड्या बोअरात पडून गेलंच.

परड्यातला आड
मास्तर, रागावू कशाला? गोठा आडाला लागूनच आहे. उकिरडा दहा फुटांवर, सासऱ्यांच्या काळापासून. चार जनावरं होती, आता दोन.

मामा, वाकून बघितलं. नऊ फूट. मला तर घामच फुटला.

बाळ बरं आहे, डॉक्टरांना दाखवलं. नळाच्या पाण्याचा अहवाल आला, नायट्रेट १४. दूध आता त्या उकळलेल्या पाण्यात.

मास्तर खानापूर
मग ताई, माझा अंदाज सांगतो. वास आणि जंतू बहुतेक दिरांच्या खड्ड्यातून आले, कारण ते या पावसातच सुरू झालं. पण नायट्रेट ६२ वर एका पावसात जाईल असं मला वाटत नाही. शेण-मूत वर्षानुवर्षं तिथेच झिरपतंय. म्हणजे अर्धा वाटा तुमचाच. दिरांकडे जायच्या आधी उकिरडा हलवा. आडाच्या वरच्या अंगाला नको, उताराकडे न्या, खाली फरशी घाला. गोठ्याचं मूत नाली काढून लांब न्या.

खात्री करायची तर दिरांच्या संमतीने खड्ड्यात दहा किलो मीठ विरघळवून ओता आणि पेनसारखा टीडीएस मीटर मिळतो तो आणून आडाचं पाणी रोज मोजा. आकडा चढला की कुणी कुणाला काही सांगायला नको.

ब्लीचिंग पावडरने जंतू मरतील, पण खड्डा तिथे आहे तोवर ते परत येणार. ताज्या पावडरीचं माप १००० लिटरला अडीच ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, फक्त वरची निवळ आडात सोडा.

वडगावचा शेतकरी
वाचतोय. तुमचा आड वाचेल, ताई, कारण खड्डा कुणाचा ते ठाऊक आहे. आमच्या शिवारात बळ्ळारी नाल्यातून अख्ख्या बेळगाव शहराचं सांडपाणी जातं. विहिरीच्या पाण्यात हात धुतला तर खाज सुटते. बासमती लावायचो तिथं. मीठ टाकून कुणाकुणाचा खड्डा शोधू?

परड्यातला आड
दोन महिन्यांनी लिहितेय. उकिरडा हलवला. मी आणि धाकटा, तीन दिवस पाट्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी दीर कुंपणावरून म्हणाले, “वहिनी, हे काय चाललंय?” अहवाल हातात दिला. आधी आमच्या उकिरड्याचं सांगितलं, मग खड्ड्याचं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच मिठाची गोणी घेऊन आले.

पहिले दोन दिवस ४१० च. तिसऱ्या दिवशी ४५५, पाचव्या दिवशी ५२०. मीटर त्यांच्याच हातात होता.

दिवाळीनंतर रस्त्याच्या बाजूला दोन उथळ खड्डे घेणार म्हणालेत, आडापासून ७० फूट. जुना उपसून भरून टाकायचा. तोवर आडाचं पाणी फक्त भांड्यांना आणि झाडांना. सासूबाई आता नळाच्या पाण्याचा चहा घेतात. डाळ मात्र अजून शिजत नाही म्हणतात.