अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनला 'आरक्षण' म्हणायचं का?

शब्दवेडी
एका दिवाळी अंकासाठी लेखाचं भाषांतर करते आहे. विषय आहे हार्वर्डच्या प्रवेशांबद्दल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये दिलेला निकाल, ज्याने प्रवेश देताना वंश बघणं बंद केलं. मूळ लेखात पदोपदी 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' येतं. म्हणजे भेदभाव सोसलेल्या समाजांना शिक्षणात-नोकरीत पुढे आणायचे उपाय. मी 'सकारात्मक कृती' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे खोडून 'आरक्षण' केलं, कारण वाचकाला ते लगेच कळतं. पण त्यामुळे एक परिच्छेद असा झालाय: अमेरिकेत १९७८ साली आरक्षण घटनाबाह्य ठरलं आणि २०२३ पर्यंत आरक्षण चालू राहिलं. हे छापायचं कसं? तुम्ही काय लिहाल?

तुषार_एडिसन
संपादकांचा शब्द इथे चालणार नाही. १९७८ चा खटला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजचा. तिथे १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी बाजूला काढल्या होत्या. कोर्टाने ते रद्द केलं, पण अर्ज वाचताना वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून बघायला मुभा ठेवली. म्हणजे जागा राखणं त्याच वेळी संपलं. पुढे मिशिगन विद्यापीठाने पदवीच्या प्रवेशात अशा मुलांना सरसकट २० गुण द्यायला सुरुवात केली, तेही २००३ साली रद्द झालं. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलची पद्धत मात्र मान्य झाली, कारण तिथे प्रत्येक अर्ज वेगळा वाचत होते. माझ्या मते 'झुकतं माप' लिहा. अस्सल मराठी आहे आणि नेमकं तेच होत होतं.

निर्मळमराठी
'सकारात्मक' हा हिंदीतून आलेला शब्द आहे, आपल्याकडे 'होकारार्थी' आणि 'विधायक' हे दोन चांगले शब्द पडून आहेत. शिवाय 'आरक्षण' तरी कुठे आपला? माझ्या शाळेच्या दिवसांत वर्तमानपत्रं 'राखीव जागा' लिहायची. आरक्षण रेल्वेच्या खिडकीवर असायचं. मी 'विधायक कृती' सुचवेन.

माणदेशी
राखीव आणि आरक्षण ही एकाच धातूची लेकरं. संस्कृत रक्ष्, प्राकृतात रक्ख, आपल्याकडे राखणे. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की राखणीला जायचं, माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायची. राखीव कुरणही त्यातलंच. दुसऱ्यानं चरून जाऊ नये म्हणून राखलेलं. मला तर 'राखीव' ऐकलं की आधी तेच डोळ्यांपुढं येतं, कुणाच्या तरी तोंडचा घास कुणी उचलू नये म्हणून घातलेलं कुंपण. 'झुकतं माप' मात्र मला पटत नाही. माप झुकतं म्हणजे तराजू आधी सरळ होता असं गृहीत धरलं.

तुषार_एडिसन
तराजू सरळ नव्हता हे मान्य. पण इथे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांची बाजूही ऐका. हार्वर्डच्या खटल्यात पुढे आलं की आशियाई मुलांना 'पर्सनल रेटिंग' मध्ये सरासरीने कमी गुण पडत होते. हा आकडा धैर्य, मनमोकळेपणा, माणूस आवडण्यासारखा आहे का, असल्या गोष्टींचा. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. आपल्याला कुणी न भेटता 'कमी आवडण्यासारखी' ठरवतं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. त्यामुळे निकाल आला तेव्हा आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आनंद झाला. मला तो पुरता झाला नाही, कारण त्या निकालाने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं प्राधान्य तसंच ठेवलं. वंश बघणं अन्याय आणि बापाची पदवी बघणं रीत, हे मला अजून पचलेलं नाही.

निर्मळमराठी
मुद्दा तोच आहे. सवलत कुणालाही द्या, ज्याचे गुण जास्त त्याच्यावर अन्याय होतोच. माझ्या पुतणीची सरकारी मेडिकलची जागा थोडक्या गुणांनी गेली. तिच्या वर्गातल्या, तिच्यापेक्षा सुखवस्तू घरातल्या मुलाला मिळाली. सवलत गरिबाला असावी.

सुजाता_लातूर
दादा, पुतणीचं वाईट वाटलं, खरंच. पण 'सवलत' शब्दावर मी थांबणार. सवलत हा अरबी सुहूलतवरून आलेला शब्द, अर्थ सोय, सुकर करून देणं. एसटीच्या तिकिटात सवलत असते, वीजबिलात असते. देणारा देतो, मनात आलं तर काढून घेतो. राज्यघटनेतल्या १५(४) आणि १६(४) ला, म्हणजे शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या राखीव जागांच्या कलमांना, आपण 'सवलत' म्हणतो तेव्हा घेणारा आपोआप उपकृत होतो. लहानपणापासून मला हा शब्द ऐकवला गेलाय.

आणि 'खुला' शब्दाचं काय केलंय आपण? मी खुल्या गुणवत्ता यादीतून इंजिनिअरिंगला लागले. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, तू आमच्या सीटवर कशी? आमच्या! खुला म्हणजे सगळ्यांना उघडा, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. तिच्या लेखी ओपन हे एका समाजाचं नाव होतं. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या महिला पोलीस भरतीच्या सौरव यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाला हेच सांगावं लागलं, की खुला प्रवर्ग हा कुणाचा कोटा नाही, गुणांवर कुणीही त्यात येतं. तिथे ओबीसी महिलांना खुल्या यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त गुण होते, तरी त्यांना खुल्या जागांवर घेतलं नव्हतं.

अण्णा_आस्थापना
सुजाताताई, हे मी नोकरीभर पाहिलं. आस्थापना शाखेत बिंदुनामावली माझ्याकडे होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ते एक आडवं रजिस्टर असतं. एकेक बिंदू म्हणजे एकेक पद, त्यापुढे प्रवर्ग, मग नेमलेल्या माणसाचं नाव, जात, निवड कोणत्या प्रवर्गातून झाली, जात वैधता आहे का. गुणांवर खुल्यातून निवडलेल्या मागासवर्गीय माणसाला खुल्याच बिंदूवर दाखवायचं, हा नियम. आमच्या कार्यालयात मात्र जात बघून त्याला राखीव बिंदूवर बसवून टाकायचे. कागदावर राखीव पदं भरलेली दिसायची, पुढच्या जाहिरातीत त्या प्रवर्गासमोर शून्य. एकदा नामावली तपासणीला गेली आणि मावककडून, म्हणजे विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून, आक्षेपांसह परत आली. तेव्हा मी नावं एकेक करून हलवली. हलवल्यावर जो अनुशेष निघाला तो पाहून साहेब गप्प झाले. त्या शून्यामुळे ज्यांनी अर्जच केला नाही, ती मुलं कोण होती हे कुणाला कधीच कळणार नाही.

शब्दवेडी
अण्णा, हे वाचून अंगावर आलं. माझ्या प्रश्नाकडे जरा वळूया का? मी थोडं शोधलं. हा शब्दप्रयोग १९३५ च्या अमेरिकन कामगार कायद्यात आधी दिसतो. संघटनेत गेला म्हणून कामगाराला काढलं, तर मालकाने फक्त छळ थांबवायचा नाही, त्याला कामावर परत घेण्यासारखी पावलं उचलायची. मग १९६१ साली केनेडींच्या आदेशात सरकारी कंत्राटदारांसाठी तो आला. म्हणजे 'सकारात्मक' मधला प्रसन्नपणा यात नाही. नुसतं 'भेदभाव करणार नाही' म्हणून हात जोडून बसायचं नाही, पुढे होऊन काही करायचं, असा अर्थ आहे.

माणदेशी
मग आपल्याकडं ते आधीच झालंय की. २६ जुलै १९०२, करवीर गॅझेट. शाहू महाराज विलायतेत होते आणि इकडं हुकूम निघाला, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. पुढं होऊनच केलं. नाव काय द्यायचं यात त्यांचं काही अडलं नाही.

निर्मळमराठी
निम्म्या! आणि बाबासाहेबही घटना समितीतल्या ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात म्हणाले होते की राखीव जागा थोड्याच असाव्यात, नाहीतर समान संधीचं तत्त्वच उरणार नाही. महाराष्ट्रात मूळचंच ५२ टक्के, त्यावर आर्थिक दुर्बलांचे १०, त्यावर २०२४ पासून मराठा समाजाचे १०. हे बोलायचंच नाही का?

सुजाता_लातूर
बोला की. त्याच भाषणात त्यांनी 'मागास' हा शब्द कलमात का हवा हेही सांगितलंय. ज्यांना कारभारात आजवर शिरकावच मिळाला नाही त्यांच्यासाठी वाट ठेवायची, म्हणून. तुम्ही मघाशी गरिबीचा मुद्दा काढलात. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने ते दिलंच, पण त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबांना वगळलं. 'दुर्बल घटक' हे शब्द घटनेच्या ४६ व्या कलमात ज्यांच्या नावानिशी आलेत, त्यांनाच या दुर्बलांतून बाहेर काढलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाचपैकी तीन न्यायमूर्तींना ते योग्य वाटलं, दोघांना नाही. आणि या १० टक्क्यांना 'सवलत' म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नाही.

तुषार_एडिसन
एक विचारू? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना जे प्राधान्य मिळतं त्याला मराठीत काय म्हणाल? मी 'वारसा प्रवेश' म्हणत होतो.

अण्णा_आस्थापना
तुषारराव, तो शब्द नका घेऊ. आमच्याकडे वारसा म्हटलं की लाड-पागे समिती. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या वारसाला नोकरी. ती फाईल घेऊन आलेली पोरं मी पाहिलीत. बीए झालेला मुलगा बापाच्या झाडूवर अर्ज करतो, कारण घर त्या पगारावर चालतं. त्याला आणि हार्वर्डवाल्याच्या लेकाला एकाच शब्दात बसवू नका.

निर्मळमराठी
शब्द संदर्भाने अर्थ घेतो, अण्णा. वारसा हवेलीचाही असतो आणि कर्जाचाही. दोन्हीकडे जन्मावरूनच ठरतंय ना?

सुजाता_लातूर
त्या मुलाला झाडू जन्मावरून मिळतो, हेच तर १९०२ पासून मोडायचं चाललंय.

शब्दवेडी
संपादकांना उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा आहे. 'पुढाकाराची उपाययोजना' असं लिहिलं तर कसं वाटेल?

माणदेशी
सरकारी योजनेचं नाव वाटतंय, ताई.