‘सहजीवी’ खोडला गेला, आता काय लिहू?

रानवेल: शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय, एका शब्दावर अडलेय. मावा या पिकावरच्या किडीच्या अंगात बुख्नेरा नावाचे जिवाणू असतात, खास पेशींच्या आत. मावा झाडाचा रस पितो. त्यात साखर भरपूर, पण गरजेची अमिनो आम्लं अपुरी. ती हे जिवाणू पुरवतात आणि आईच्या पोटातच पिल्लांमध्ये उतरतात. मी ‘सहजीवी’ लिहिलं. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, सहजीवन म्हणजे संसार, तो पत्रिकेतला शब्द. दुसरा सुचवा ना.

शिवारकर: सहजीवीच ठेवा. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू, रायझोबियम, आपण शाळेत सहजीवी म्हणूनच शिकलो.

जुनी वही: रायझोबियम मातीतून येतं, दर पिकाला नव्याने. बुख्नेराला बाहेर जगताच येत नाही. त्याचा जनुकसंच २००० साली वाचला गेला, तो जेमतेम ६.४ लाख अक्षरांचा निघाला; ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा ४६ लाखांचा असतो. हा फरक शब्दात दिसायलाच हवा. ‘अंतःसहजीवी’ लिहा.

शिवारकर: हा शब्द बांधावर म्हणून बघा. ऐकणारा पुढचं ऐकायचाच नाही. ‘पिढीजात सहजीवी’ म्हणा.

जुनी वही: पिढीजात धंदा असतो, वैर असतं. जिवाणू?

मायमाऊली: आमच्याकडे आईने माहेरून आणलेलं विरजण अजून चालू आहे. मला हे वाचून तेच आठवलं.

जुनी वही: विरजण हाताने लावावं लागतं, बुख्नेराला तसं नाही. पण तुमची उपमा दुसरीकडे चपखल बसते. मेगाकोप्टा नावाचा झाडावरचा ढेकूण अंड्यांशेजारी जिवाणूंच्या पुड्या ठेवतो, पिल्लं बाहेर पडली की आधी त्या शोषतात.

रानवेल: सुंदर! पण ‘उतरतात’ ठेवू की ‘संक्रमित होतात’? ‘लागण’ नको, रोग वाटतो.

शिवारकर: उसाची लागण करतो आम्ही, आडसाली. तिथे कुठला रोग? पुस्तकी लोकांनी चांगला शब्द आजारी पाडलाय. ‘उतरतात’च ठेवा.

मायमाऊली: माव्याला मावा का म्हणतात? मऊ असतो म्हणूनच ना?

शिवारकर: आमच्याकडे ज्वारीवर पडला की चिकटाच म्हणतात. पान उलटून बोट फिरवा, काकवी लागल्यासारखं होतं. मुंग्या त्याच्यासाठीच येतात.

जुनी वही: चिकटा हा मावा सोडतो त्या गोड पाझराचा शब्द, किडीचा नव्हे.

शिवारकर: आमच्या शिवारात दोन्हींचा.