दारात फणस आहे म्हणून कोकणात भूक नाही?

खाडीकाठची
काल गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली : "कोकणात कुणी उपाशी झोपत नाही. दारात फणस, खाडीत मासा, रेशनवर तांदूळ फुकट. महागाईचं रडगाणं शहरवाल्यांचं." खाली अंगठ्यांची ही रांग. अंगठा देणाऱ्यांतल्या काहींच्या चुली मी जवळून पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

फणस जूनपर्यंत. पुढे काय? आमच्याकडे मे संपायच्या आत आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकट, सुके बोंबील, मिरची, मीठ, कडधान्य, तेलाचा डबा. त्याला एकरकमी पैसा लागतो. ट्रॉलरवरच्या खलाशाचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो आणि त्यातून आधी घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) कापली जाते. उरलेल्यात पूर्वी चार महिन्यांची आगोट व्हायची, आता गणपतीपर्यंत पोचत नाही. १ जूनला मासेमारी बंद झाली की वाण्याकडून पाव किलो डाळ आणि तेलाची पिशवी. सुटं घेतलं की दर चढा, उधार घेतलं की त्याहून चढा. ज्याच्या हातात पैसा कमी, त्यालाच डाळ जास्त महाग पडते.

भात आहे, कबूल. पण ताटातून आधी मासळी जाते, मग डाळ पातळ होते, मग फोडणी बंद होते. बाई शेवटी जेवते आणि पेजेवर भागवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. यातलं कुणीही 'उपाशी झोपलं' असं म्हणता येणार नाही. तरी ही भूकच आहे.

कलमवाला
पोस्ट माझी नाही, पण मला पटली. माझी आई नाचणी, वरी, कुळीथ, पावटे सगळं घरचं खायची. वाण्याकडून फक्त गूळ, चहा आणि रॉकेल. आज तीच खाचरं पडीक. तांदूळ फुकट आला तर नांगर कोण धरणार? माझ्या आंब्याच्या बागेत राखणीला गावचा माणूस मिळत नाही, नेपाळी आणावे लागतात. भूक असती तर लोक कामावर आले असते.

पडवीतून
खाचरं पडीक का पडली ते विचारा ना! माकडं! गेल्या पावसात परड्यातली काकडी, पडवळ, भेंडी एक ठेवली नाही. शहाळी खाली पाडतात. कणगं, करांदे असले कंद डुकरं उकरतात. महागाई सोडा, आधी वानर-माकडांचं बोला. फुकटची भाजी गेली म्हणून बाजारात जावं लागतं.

मधली आळी
पडवीतून यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे केळ लावणंच सोडलं. हिमाचलात सरकारने माकडांच्या नसबंदीची केंद्रं काढली. इथे फक्त पंचनामे. तोही तलाठी येईपर्यंत उरलेलं खाऊन झालेलं असतं.

पडवीतून
नसबंदीने आज असलेली माकडं जेवायची थांबत नाहीत. धरून लांब जंगलात सोडली पाहिजेत.

मधली आळी
लांब म्हणजे कुठे? आमच्याच तालुक्यात सोडतात तुमची! रात्री टेम्पो येतो, सकाळी कौलं फुटलेली.

पडवीतून
पुरावा द्या. उगाच दुसऱ्या तालुक्यावर ढकलू नका.

मास्तर
माकडं बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलं की धान्य नाहीसं झालं नव्हतं. तांदळाचा भाव भडकला आणि मजुरी मागे राहिली. सगळ्यात आधी कोलमडलेल्यांत शेतमजुरांबरोबर मच्छीमार होते. मासळी विकून तांदूळ घेणाऱ्याचं पोट दोन भावांमधल्या फरकावर चालतं. आज तांदूळ फुकट आहे म्हणून ती वेळ येत नाही. पण डाळ, तेल, गॅस यांना तेच गणित लागू पडतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे झळ थेट वाडीवरच्या दुकानात. त्याच उन्हाळ्यात सिलिंडर हजारावर गेला. खलाशाची उचल मात्र वाढली नाही.

कलमवाला
मास्तर, बंगाल कशाला आणता? आमच्या गावाचं बोला.

गिरणीवाल्याचा मुलगा
मी गावाचंच बोलतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील परळला, आम्ही गावी. मनीऑर्डर बंद झाली. पोस्टमन दारावरून पुढे जायचा. दारात माड होता, फणस होता, दोन खाचरं होती, नांगर धरायला आजोबा होते. माकडं आजच्याइतकी नव्हती. तरीही पावसात आई रात्री भाताच्या पाण्यात मीठ घालून प्यायची आणि आम्हाला सांगायची, मी मघाशीच जेवले. कोकणातली शेती वर्षभर कधीच पुरली नाही. चूल मुंबईच्या पैशावर पेटायची. कलमवाले, तुमच्या आईच्या वाण्याचं बिल कोण भागवत होतं?

कलमवाला
माझ्या आईला यात ओढू नका. भाऊ मुंबईला होता, पैसे पाठवायचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तेव्हा माणसं राबायची, हे तुम्हीही नाकारणार नाही.

खाडीकाठची
राबायची आणि आजही राबतात. नांगर धरायला आधी जमीन लागते. तुमच्या सातबाऱ्यावर बाग आहे. आमच्या वाडीत पागोळ्यांबाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्याची हद्द. रायगडातल्या कातकऱ्यांच्या तर कित्येकदा झोपडीखालची जागाही नावावर नसते, म्हणून पाऊस संपला की पोरांसकट वीटभट्टीवर जातात. त्यांना आळशी म्हणायचं?

आणि फुकट तांदूळ सगळ्यांना नाही. रेशनच्या प्राधान्य कार्डाला गावात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या वेळची. दिवसाला ३०० रुपये मिळवणाऱ्याने दीडशे दिवस काम केलं तर ४५,००० होतात. म्हणजे वर्षातले सात महिने घरी बसलेला माणूसही कागदावर जास्त कमावणारा ठरतो. या कार्डावर ज्यांना मिळतं त्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य. दोन वेळ भात खाणाऱ्या घरात ते किती दिवस टिकतं, हे अंगठे देणाऱ्यांनी मोजून बघावं.

शाळेत आहे
आमच्या शाळेत सोमवारी मुलं दुसऱ्यांदा भात मागतात. जुलैत जास्त. पोषण आहारात धान्य सोडून डाळ, तेल, भाजी, इंधन यांसाठी प्राथमिकच्या मुलामागे ५ रुपये ४५ पैसे होते, तेही ऑक्टोबर २०२२ पासून दोन वर्षं जसेच्या तसे. डिसेंबर २०२४ ला ६ रुपये १९ पैसे, मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. मधल्या काळात तूरडाळ कुठे गेली ते सगळ्यांना आठवतं. शिजवणाऱ्या ताई आमटीत पाणी वाढवतात आणि मुलांकडे न बघता वाढतात. ही मुलं याच गावांतली आहेत.

पडवीतून
शाळेची परसबागसुद्धा माकडांनीच नेली असणार.

शाळेत आहे
हो, नेली. तरी डाळीचा भाव माकडांनी ठरवलेला नाही.

कलमवाला
ठीक आहे. डाळ-तेलाचं मान्य करतो. २०२२ च्या दिवाळीला १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. सणापुरतं देण्यापेक्षा जून-जुलैत डाळ आणि तेल रेशनवर द्यावं, याला माझी ना नाही. पण माणूस मिळत नाही हे खोटं नाही. खतं, फवारणी, राखण, पेट्या सगळं महागलं. आंबा एका वर्षी येतो, दोन वर्षी मोहर गळतो. मी कुठून देऊ?

खाडीकाठची
बाग तोट्यात जाते हे मला माहीत आहे. पण तुम्ही वरती म्हणालात, भूक असती तर लोक कामावर आले असते. जूनमध्ये कलमांना खतं घालायचं काम निघतं. नेमकी तेव्हाच आमच्या वाडीतली माणसं रिकामी असतात. बायकांना बोलवा, आठवड्याला रोख द्या. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती देणार ते इथेच लिहा.

कलमवाला
नावं पाठवा. गड्याला देतो तेवढी बाईला परवडत नाही, हे आधीच सांगतो.

खाडीकाठची
खताची पाटी तेवढीच जड असते. पुरुषाइतकी हजेरी लिहा, नावं पाठवते.

मधली आळी
आणि माकडं टेम्पोने कुणी सोडली, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.