आधी गळ्यात, मग तारेवर

गिटार शिकताना पेंटाटोनिकचे (पाच स्वरांच्या स्केलचे) पाचही बॉक्स, म्हणजे बोटं ठेवायचे ठरलेले आराखडे, आधी पाठ करा, कान आपोआप तयार होतो, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. मी वर्षभर तेच केलं. बोटं पळायची, पण भजनातली साधी ओळही वाजवता यायची नाही. आमच्या गावात (आर्वी तालुका) भजनाला पेटी धरणारे काका म्हणाले, "आधी म्हणून दाखव, मंग वाजव." तिथून कान उघडला.

मग एकच तार धरली. सर्वात बारीक तार एक पूर्ण स्वर (ई वरून) उतरवून डी करा. आता बारीक तारेकडून मोजून मोकळी (न दाबलेली) चौथी तार खालचा सा, मोकळी पाचवी पंचम. या दोन छेडत ठेवा, तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. बारीक तारेवर मोकळा सा, दुसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) रे, चौथ्यावर ग, सातव्यावर प, नवव्यावर ध, बाराव्यावर वरचा सा. हा भूप राग. आता फक्त चौथा फ्रेट सोडून पाचव्यावर म घ्या, की दुर्गा रागाचे स्वर झाले. एका फ्रेटने सगळा रंग बदलतो, तो बदल आधी गुणगुणून बघा, मगच बोट ठेवा. भूपात ‘ग’वरून ‘रे’वर येताना बोट न उचलता घसरवा, गळ्याची लकब तिथेच सापडते.

भजनी मंडळ काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गात असेल तर सहाव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावा आणि फ्रेट तिथून मोजा. काकडआरतीला मी असाच पेटीच्या मागे मागे जातो.