घरच्यांनी लिहिलेल्या आठवणी भलत्याच कुणाला जाऊन भिडल्या, असं तुमच्याकडं झालंय का?

वेण्णाकाठ
लेकीला शाळेतून कोयनेच्या भूकंपावर प्रकल्प आलाय. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारनंतरचा धक्का, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, एवढं तिनं मोबाइलवरून उतरवलं. म्हटलं, नानांची वही काढ की. तेव्हा नाना कोयनानगरला कारकून होते.

निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. आम्ही हसायचो, कोण वाचणार म्हणून. तरी झेरॉक्स काढून स्पायरल बांधून पाहुण्यांत वाटल्या. निम्म्या वहीत बदल्या आणि बढत्याच आहेत. भूकंपाच्या भागात मात्र चार ओळी शेजारच्या मिस्त्रींवर. डाव्या हातानं हातोडा चालवायचे, चहा बशीतच प्यायचे, कुणी रागावलं की शीळ घालत निघून जायचे. त्या पहाटे ते गेले.

खूप वर्षांनी उरणकडून एक गृहस्थ दारात. त्या मिस्त्रींचा मुलगा! वडील गेले तेव्हा पाळण्यात होता, घरात फोटोसुद्धा नाही. कुठल्याशा लग्नात पाहुण्याकडं वही दिसली म्हणे. आल्या आल्या पहिलं हेच बोलले, "माझं धाकटं पोरगं डावखुरं आहे. आमच्यात हे कुठनं आलं म्हणून सगळे त्याला बोलायचे."

दुपारभर बसले. नाना थोडे खट्टूच, कारण बाकीची वही त्या गृहस्थांनी उघडलीच नव्हती. ते निघाले तेव्हा नानांनी सांगितलंच, "बढतीचं प्रकरण वाचा हं, मोठं आहे."

तुमच्याकडं असं काही घडलंय? लिहा.

मिरजमावशी
नाना ग्रेट 😄 माझ्याकडं पण आहे एक, कुकर लावलाय, येते.

गलाईवाला
आमचं गाव खानापूर तालुक्यात. घरटी एक माणूस गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला), कोण केरळात, कोण तमिळनाडूत. आप्पा (चुलते) मिसरूड फुटायच्या आत गेले. म्हातारपणी त्यांनी सगळं लिहिलं. मुशीजवळच झोपायचं, ॲसिडच्या धुरानं रात्रभर खोकला, शेठनं एकदा सांडशीनं मारलेलं, आणि गावाला पत्र जायचं "मी खुशाल आहे". आमच्याकडं कसं, यात्रेला गाडी घेऊन येणारा तेवढा दिसतो.

ती पानं भावकीत फिरली. एका वहिनींचा मुलगा नववीतून दुकानावर जाणार होता, तिकीट काढलेलं. वहिनींनी रात्री पोरीकडनं वाचून घेतलं आणि सकाळी नवऱ्याला सांगितलं, दहावी झाल्याबिगर हा हलणार नाही. आप्पांना वाटलं धंद्याची बदनामी झाली. पोरगा आता विट्यातच वायरमन आहे.

वेण्णाकाठ
@गलाईवाला काटा आला हो. सांडशीनं??

गलाईवाला
व्हय. वळ शेवटपर्यंत होता.

अनामिक
सगळं गोड नसतं. काकांनी आत्मचरित्र छापलं, त्यात आत्याचं पहिलं लग्न मोडल्याचं दीड पान. तिच्या सुनांना हे माहीतच नव्हतं. काकांचं म्हणणं, खरं तेच लिहिलं. आत्याचं म्हणणं, खरं माझं होतं, तू का वाटलंस? तेव्हापासून भाऊबीज बंद. मला दोघंही पटतात, पण आत्या जास्त.

कराडकर
नाव बदलायचं ना मग.

अनामिक
गावात "एक नातेवाईक बाई" लिहिलं तरी लोक दोन मिनिटांत ओळखतात हो दादा.

गलाईवाला
दोन मिनिटं जास्त झाली 😂

मिरजमावशी
आले. अनामिक, आत्यांना भेटून या बाई, वहीबिही न काढता. लिहिण्याआधी एकदा विचारायला काय जातं या लोकांचं!
आमच्या सासूबाईंनी... थांबा, दूधवाला.

कृष्णाकाठ
आमचं घर सांगलीत, नदीकडच्या बाजूला. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा अण्णांच्या वह्या खालच्या कपाटात. बॉलपेनची पानं वाचली, शाईपेनची धुऊन निळी झाली. नेमकं तालमीचं प्रकरण गेलं. पण अण्णा संध्याकाळी कट्ट्यावर ते वाचून दाखवायचे. मग कट्ट्यावरची म्हातारी मंडळी घरी येऊन एकेक सांगायला लागली. प्रत्येकाच्या सांगण्यात कुस्ती निराळ्याच माणसानं मारलेली! अण्णा वैतागले, मी सगळं उतरवून घेतलं. आता त्या प्रकरणाचे चार लेखक आहेत.

कराडकर
भिजलेली वही उन्हात टाकू नका कुणी. सावलीत पंख्याखाली, पानांमध्ये कोरे कागद घालून. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, बुरशी धरत नाही.

मिरजमावशी
फ्रीजरमध्ये मटार आहेत 😀

माणदेशी
घरचं नाही पण लिहितो. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', कैकाडी समाजातल्या स्वतःच्या जगण्याचं आत्मकथन, 1980 ला आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. आमच्या बापूंनी ते वाचनालयातून आणलं. रानात दरवर्षी कैकाडी पाल टाकायचे, कणग्या-टोपल्या विणायचे. बापू त्यांना "ए" म्हणूनच हाक मारायचे. पुस्तक वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत. त्या साली पाल पडलं तेव्हा थोरल्या माणसाला "या, बसा" म्हणाले. ते बिचारे घाबरले, आता उठवतायत का काय! आई अजून ती गंमत सांगते. मला ती नुसती गंमत वाटत नाही.

वेण्णाकाठ
@माणदेशी बापूंनी स्वतः काही लिहिलं का?

माणदेशी
नाही हो. 72 च्या दुष्काळाचं लिही म्हणून मागं लागलो तर म्हणाले, खडी फोडली आणि मिलो खाल्ला, त्यात लिहायचं काय.

मिरजमावशी
मिलो!! लाल ज्वारी अमेरिकेची. भाकरी थापली की चिरायचीच. सासूबाई गरम पाण्यात पीठ मळायच्या तरी नाही.

कराडकर
आणि सुकडी. आम्ही शाळेत खिशात भरून आणायचो.

माणदेशी
सुकडी मला अजून आवडते. कुठं मिळती का?

मिरजमावशी
अंगणवाडीत विचार. नाहीतर ये मिरजेला, गूळ घालून करून देते. येताना साताऱ्याहून कंदी पेढे आण.

माणदेशी
मावशी मी आटपाडीचा, सातारा वाटेत येत नाही 😭