मदत हवी आहे: कार्बन मोनॉक्साइडचं गणित जुळेना

मंडळी, इथे कोणी रसायनशास्त्र शिकवणारं आहे का? आम्ही नाशिकला, पंचवटीत राहतो. लेक दहावीला. सहसंयुज बंध (अणू इलेक्ट्रॉनच्या जोड्या भागीदारीत वापरून जोडले जातात तो) डोक्यात शिरेना म्हणून काल ताटात मनुके आणि शेंगदाणे मांडून बसलो. (नाशिककरांच्या घरात मनुके नसतील तर काय!) कार्बनचे बाहेरचे ४ इलेक्ट्रॉन म्हणजे मनुके, हायड्रोजनचा एकेक शेंगदाणा. मिथेन झकास जमला: चार जोड्या, कार्बनभोवती ८, प्रत्येक हायड्रोजनपाशी २. नायट्रोजनचा तिहेरी बंधही तिने स्वतःच मांडला.

मग बाईसाहेबांनी विचारलं, "बाबा, कार्बन मोनॉक्साइड?" कार्बनचे ४, ऑक्सिजनचे ६. दोन-दोन भागीदारीत घातले तर ऑक्सिजनचे ८ होतात, पण कार्बन ८ ऐवजी ६ वरच अडकतो. शेजारचे काका म्हणाले, तिथेही तिहेरीच बंध असतो, तिसऱ्या जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घालतो.

आता माझा प्रश्न: दोन्ही एकाचेच, तर त्याला भागीदारी का म्हणायचं? आणि बंध झाल्यावर ती जोडी बाकीच्या दोन जोड्यांपेक्षा वेगळी ओळखता येते का? दहावीच्या पोरीला पटेल असं सांगा. तोवर अर्धे इलेक्ट्रॉन धाकट्याने खाऊन टाकलेत.